तुमच्या भावाचं हिरवं मशीन

बोल्हेगाव, अहिल्यानगर
शनिवार, सकाळची शाळा करून आल्यावर

आदरणीय विमलआक्का यांना
जयमालाचा मनापासून जय भीम.

हल्ली पोस्टाने पत्र आलं की माणसं आधी कोण गेलं ते बघतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि तुमच्या ओट्यावर कायम चार माणसं. मागे माझ्या पित्ताची बातमी तुमच्या ओट्यावरून निघाली, कुकाण्याच्या बाजारात फिरली आणि शेवटी माझ्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाईंनी मला येऊन सांगितली, वर कोकम प्यायचा सल्लाही दिला. म्हणून पत्र. तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावता, की बाटली छान आहे म्हणून जपून ठेवलीय? दाजींची तंबाखू सुटली का, की अजून सोडायचंच चाललंय? म्हैस व्याली असेल तर काय झालं तेही कळवा.

इकडे मी बरी आहे. शाळाही बरी आहे (मुलं कमी आणि भरून पाठवायची माहिती जास्त, पण ते आता नवं राहिलेलं नाही). तुमच्या भावाची तब्येत, तुम्ही विचारालच म्हणून सांगते, डॉक्टरच्या दृष्टीने उत्तम आहे. पत्र त्यांच्याबद्दलच आहे. त्यांना तुम्ही कडेवर वाढवलंत, पाटीवर पहिलं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत, असं तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता. तेव्हा हे पत्र पालकांना पाठवलेली तक्रार समजून वाचायला हरकत नाही. मुख्याध्यापिका म्हणून अशी पत्रं मी पुष्कळ लिहिली आहेत, फक्त साठीचा विद्यार्थी पहिल्यांदाच आला आहे.

कंपनीतला निरोप समारंभ तुम्ही पाहिलातच. शाल दिली, भाषणं केली, आणि त्यांचाच फोटो मोठा करून, फ्रेम करून त्यांनाच भेट दिला. तो फोटो कुठे लावायचा हा आमच्या घरात अजून प्रश्न आहे, कारण भिंतीवर लावला की आलेले पाहुणे चप्पल काढून गंभीर होतात. सगळी नोकरी या माणसाने एमआयडीसीत स्टोअरच्या खिडकीत बसून काढली. बाहेरून कामगार यायचा, कटर मागायचा, हे सही घेऊन कटर द्यायचे, आणि तो बोथट झाला की परत घ्यायचे. आत मशीनवर काय चालायचं ते यांनी खिडकीतून दिसेल तेवढंच पाहिलं. घरी बसल्यावर ती खिडकी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात उघडली. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. ‘रवा, जाड’, ‘रवा, बारीक’, ‘मोहरी, चालू’, ‘मोहरी, राखीव’. एकदा मी फोडणीच्या घाईत हिंग मागितला, तर शांतपणे विचारतात, किती लागणार. कढई धुरावलेली, मोहरी तडतडून अंगावर यायला लागलेली, आणि हे डबा हातात धरून उभे. त्यामुळे ज्या दिवशी त्यांनी पोर्चमध्ये छोटंसं वर्कशॉप काढायची गोष्ट काढली, त्या दिवशी मी पोळी लाटता लाटता हो म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर एक टेबल, दोन पाने आणि एक करवत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर मिलिंग मशीन होतं.

मिलिंग मशीन म्हणजे काय ते मला इतक्या वेळा समजावून सांगितलं गेलंय की आता मी ते चौथीला शिकवू शकेन. लोखंडाचा तुकडा एका टेबलावर घट्ट आवळायचा, वरून दातेरी कटर फिरत राहतो, आणि हँडल फिरवून ते टेबल हळूहळू कटरखालून सरकवायचं. लोखंड किसलं जातं. थोडक्यात नारळ खवायचा प्रकार, फक्त इथे खवणीला वीज लागते आणि नारळ कोणी खात नाही. मी विचारलं, यातून तुम्ही करणार काय? तर म्हणाले, लोकांचे पार्ट. कोणत्या लोकांचे, हे विचारल्यावर उत्तर मिळालं, लोक येतात. आक्का, आमच्या पोर्चमध्ये आजवर जे लोक आले त्यांत दूधवाला, वर्गणीवाले आणि सावलीला बसणारी दोन कुत्री, यांच्यापलीकडे कोणी नाही. योगेशने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगून पाहिलं की पप्पा, हे सगळं आता कॉम्प्युटरवर ड्रॉइंग पाठवलं की घरपोच येतं. त्यावर तुमचे बंधुराज म्हणाले, जेवणही येतं, मग तुझी आई कशाला करते? (या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.)

नवं मशीन घेणं म्हणजे घर विकणं, तेव्हा जुनं घ्यायचं ठरलं, आणि जुन्या मशीनच्या शोधात आमच्या आयुष्यात गहिनीनाथ आला. हा माणूस विळद घाटाच्या अलीकडे पत्र्याचं गोडाऊन टाकून बंद पडलेल्या कारखान्यांची मशिनरी विकतो. अंगात पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, आणि तोंडात कायम समोरच्याच्या मनातलं वाक्य. तुमच्या भावाने त्याच्याशी पहिल्यांदा बोलून फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हटलं, माणूस सरळ वाटतो. तेव्हाच मी ठरवलं की बघायला आपणही जायचं. स्कूटरवर मागे बसून, भर उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून गेले.

गोडाऊनमध्ये शिरल्या शिरल्या मधोमध ते उभं. हिरवंगार. पोपटाला लाज वाटेल इतकं हिरवं. बाकी सगळी मशिनं गंजून तांबडी झालेली आणि हे एकटं नवरदेवासारखं. आता माझी नोकरी शाळेतली, तपासणीच्या आदल्या दिवशी रंगवलेली शाळा मला फाटकातून ओळखता येते. यावर रंग इतका मनापासून लावला होता की कंपनीच्या नावाची पट्टी, तेल घालायची भोकं आणि एक मेलेली माशी, सगळं एकाच हिरव्याखाली होतं. मी बोटाने माशी दाखवली. गहिनीनाथ म्हणाला, “म्याडम, वरिजिनल हाय सगळं.”

मग त्याने मशीनचं खानदान सांगितलं. एकाच मालकाने वापरलेलं, एकाच हाताने चालवलेलं. “डॉक्टरनी वापरलेली गाडी कशी असती, तसं हाय ह्ये,” असं म्हणाला. मी विचारलं, डॉक्टर मिलिंग मशीन कशाला वापरेल? जराही न अडखळता उत्तर आलं, “हाडाचा आसंल.” यावर मी तुमच्या भावाकडे पाहिलं. ते ऐकतच नव्हते. ते मशीनच्या टेबलावरून हात फिरवत होते, लग्नात माझ्या वडिलांनी दिलेल्या सायकलवरून फिरवला होता तसा. हँडल फिरवलं, तर पाव फेरी नुसतंच फिरलं आणि मग कुठे टेबल निघालं, पंचायत समितीत अर्ज पुढे सरकतो तसं. हे काय, असं मी विचारलं, तर गहिनीनाथाच्या आधी तुमचे बंधूच म्हणाले, एवढं असतंच जुन्यात. म्हणजे विकणाऱ्याला काही बोलायची गरजच उरली नाही. तो बाजूला उभा राहून अंगठ्या फिरवत होता. मी म्हटलं, निदान चालू करून दाखवा. तर त्या भागात त्या वेळेला लाईट नव्हती. (ती आमच्या स्कूटरचा आवाज ऐकून गेली असं माझं मत आहे.) गहिनीनाथाने पट्टा हाताने ओढून कटर फिरवून दाखवला आणि म्हणाला, “हातानं फिरतंय, मंग लायटीवर पळंलच की.” याच न्यायाने मी माझ्या वर्गातल्या मुलांना आठवीत बसवायला पाहिजे. व्यवहार किती रुपयांना झाला ते विचारू नका. मी कपाळाला हात लावला आणि गहिनीनाथाने पेढा दिला.

आता हे घरी कसं आणायचं? वजनाचा विषय निघाला तेव्हा तुमचे बंधू म्हणाले होते, एका चांगल्या म्हशीएवढं असेल. म्हैस, आक्का, स्वतःच्या पायांनी चालते. हे टेम्पोत चढवायला हायड्रा क्रेन लागली, उतरवायला लागणारच होती, आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मागच्या निवडणुकीत उभारलेली स्वागत कमान आहे. हायड्राचा दांडा कमानीला अडला. ड्रायव्हरने खाली उतरून कमानीकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, तुमच्या भावाकडे पाहिलं, आणि मशीन कमानीच्या बुडाशी उतरवून, चहा पिऊन निघून गेला. घरापर्यंत अजून सगळी गल्ली बाकी होती.

तिथे ते बरेच दिवस उभं होतं. आधी मुलं त्यावर चढली. मग कोणीतरी त्याच्या अंगावर इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासची जाहिरात चिकटवली. मग सकाळी भाजी विकायला बसणाऱ्या कडूबाईच्या लक्षात आलं की याचं टेबल कमरेच्या उंचीला आहे आणि एकदम सपाट आहे. तिने त्यावर गोणपाट अंथरलं, मेथीच्या जुड्या मांडल्या, मशीनच्या दांड्याला तराजू अडकवला. तुमचे बंधुराज प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी राखणीला बसायचे. मी म्हटलं, तिला उठवा, तर म्हणे तेवढंच पाणी पडून गंज लागणार नाही, गोणपाट आहे. दोघीतिघी बायकांनी त्यांना कोथिंबिरीचा भाव विचारला आणि त्यांनी सांगितलाही. एका नव्या भाडेकरणीने तर मला येऊन सांगितलं की तुमच्या गल्लीतल्या भाजीवालीचा नवरा फार सभ्य आहे. मी म्हटलं, हो, ऐकून आहे.

शेवटी कंपनीतली जुनी माणसं सुट्टीच्या दिवशी जमली. मशीनखाली लोखंडी पाईप सरकवायचे, पहारीने ढकलायचं, मागचा पाईप काढून पुढे घालायचा, अशी ती वरात गल्लीतून निघाली. कडूबाई जुड्या गोळा करत मागे मागे, अर्ध्या गल्लीपर्यंत. पोर्चच्या फरशा पहिल्या पाच मिनिटांतच फुटल्या. फुटल्याचा आवाज आला तेव्हा तुमचे बंधू म्हणाले, बदलायच्याच होत्या. (आम्हाला त्या बदलायच्या आहेत हे मला तेव्हा कळलं.) मग लक्षात आलं की मशीनचं डोकं पोर्चच्या पुढच्या बीमला लागतंय, म्हणून डोकं उतरवलं. डोकं आत नेऊन पुन्हा चढवलं. मग लक्षात आलं की मशीनला थ्री-फेज वीज लागते आणि आपल्या घरात सिंगल फेज आहे. आक्का, सगळी हयात कारखान्यात काढलेल्या माणसाच्या हे मशीन दारात आल्यावर लक्षात आलं. मग वायरमन बोलावला, त्याने सिंगलची थ्री करणारा एक डबा आणून भिंतीवर बसवला, जोडणी केली, आणि माझी स्कूटर त्या दिवसापासून रस्त्यावर उभी असते.

उद्घाटन करायचं ठरलं. मी पोहे केले. जुनी मित्रमंडळी आली, त्यांत भाऊसाहेबही होते. हे भाऊसाहेब कंपनीत मिलिंगवर होते आणि वर्षानुवर्षं यांच्याच खिडकीतून कटर न्यायचे. तुमच्या भावाने नवा शर्ट घातला होता. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आवळला, कटर लावला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. मशीन चाललं, हे मला मान्य करायला हवं. त्यांनी हँडल फिरवून तुकडा कटरखाली नेला आणि असा आवाज झाला की समोरच्या घरातलं बाळ उठलं. किसलं काहीच जात नव्हतं. नुसता धूर, आणि करकर, आणि तुमचे बंधू दात-ओठ खाऊन हँडल पुढे ढकलतायत. पुढच्या क्षणी तो तुकडा पकडीतून सुटला, कंपाउंडवरून गेला आणि पलीकडे सविताने गच्चीवर जागा नाही म्हणून अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये पडला. कोणाला लागलं नाही, हे नशीब. थोड्या वेळाने सविता तो तुकडा ताटलीत घेऊन आली, सोबत चार मोडक्या कुरडया, आणि म्हणाली, “काकू, तुमचं काहीतरी आमच्याकडं आलंय.”

भाऊसाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, मशीनजवळ जाऊन वाकून पाहिलं आणि म्हणाले, “जालूभाऊ, कटर उलटा फिरतोय की. दात कुनीकडं हायती बघा. खिडकीतून देतानी लई वळखायचा तुमी.”

सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. तेही हसले. वायरी उलट जोडल्या गेल्या की मोटर उलटी फिरते, एवढीच ती गोष्ट होती, असं मग भाऊसाहेबांनीच सांगितलं, आणि वायरमनला शिव्या देऊन विषय बदलला. पोहे संपले. मंडळी गेली. जाताना प्रत्येकाने तुमच्या भावाच्या पाठीवर थाप मारली, आणि ती कशी मारतात ते तुम्हाला माहीत आहे, दहावीला नापास झालेल्या पोराला मामा मारतो तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर ताडपत्री होती. काठाला सुतळी बांधलेली, गाठी सारख्या, एकाही बाजूने वारा शिरणार नाही अशी. तेव्हापासून ती सुटलेली नाही. पोर्चमध्ये चप्पल घालण्यापुरते जातात, तेही तोंड रस्त्याकडे करून.

मला वाटलं होतं की आता मी सुटले. या सगळ्या काळात मी त्यांना काय काय बोलले याची तुम्हाला कल्पना आहे, आणि ते सगळं खरं ठरलं. बरोबर ठरण्यासारखं सुख नाही म्हणतात. तर ऐका. आता ते वाद घालत नाहीत. भाजीत मीठ विसरलं तरी खातात. पेपरात हरवलेल्या सात-बाराच्या जाहिरातीसुद्धा वाचतात आणि मग पेपराची घडी पुन्हा पहिल्यासारखी घालून ठेवतात. मी म्हटलं, बाजारात जाऊन या, तर जातात. जाऊ नका म्हटलं तर जात नाहीत. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याच्या आईला बोलावून विचारलं असतं की घरी काय झालंय. परवा शाळेतून आले तर डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच सोलून काढलेल्या, डबे धुऊन पालथे घातलेले. मी इतके महिने ज्यासाठी मागे लागले होते, ते झालं. आता मला रवा सापडत नाही.

आणि मागच्या आठवड्यात त्यांनी गहिनीनाथाला फोन केला. मशीन परत घेतोस का म्हणून. तो आला, पांढऱ्या शर्टात, ताडपत्रीचा एक कोपरा बोटाने उचलून आत बघितलं आणि तोंड असं केलं जणू हे हिरवं ध्यान तो आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. म्हणाला, “साहेब, कलर गेलाय ह्येचा.” मी म्हटलं, डॉक्टरचं मशीन आहे, विसरलात का. तर मला म्हणतो, “म्याडम, इकतानी ते मशीन हुतं. घेतानी भंगारच धरायचं आसतं, धंद्याची रीतच हाय.” मला वाटलं तुमचे बंधू आता तरी त्याला फाटकाबाहेर काढतील. ते “बरं” म्हणाले. नुसतं “बरं”. बुद्धपौर्णिमा झाली की गहिनीनाथ माणसं आणून ते घेऊन जाणार आहे. कमानीपर्यंत पाईपांवर, पुढे हायड्राने.

तर अशी ही तुमच्या भावाची कर्तबगारी. एक पोर्च गेला, फरशा गेल्या, कुरडयांवरून सवितासमोर मान खाली झाली, आणि हाती काय, तर गल्लीत कोथिंबीर विकणारा सभ्य माणूस अशी ओळख. तुम्ही पाटीवर अक्षर गिरवून घेतलंत तेव्हा दोन छड्याही दिल्या असत्यात तर मला हे दिवस आले नसते. असो. दाजींना जय भीम सांगा आणि त्यांच्या खिशातली पुडी तुम्ही काढून घ्या. सुट्टी लागली की इकडे चक्कर टाका, बसायला पोर्चमध्ये जागा नाही, पण घरात आहे.

तुमची भावजय,
जयमाला

ता. क. इथपर्यंतचं पत्र कोणालाही वाचून दाखवा. इथून पुढचं मात्र एकटीने वाचा. आक्का, मशीन जाऊ द्यायचं नाहीये. तुम्ही त्यांना बुद्धपौर्णिमेच्या आत फोन करा आणि काहीतरी करून मागा. लोखंडाची जाड पट्टी आणि मधे एक खाच, एवढं सोपं असावं. तुमच्या कडबाकुट्टीत पात्याखाली एक पट्टी असते, ती झिजली म्हणा. नेवाशात कोणी नीट करून देत नाही म्हणा. मी सांगितलं हे कळू देऊ नका. मी मागितलं तर त्यांना वाटेल मला दया आली, आणि मी आजवर जे बोलत आले त्यानंतर एकदम गोड बोलले तर ते मलाच दवाखान्यात नेतील. तुम्हाला ते नाही म्हणत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांना कोणीतरी खिडकीशी येऊन काहीतरी मागायला पाहिजे, बास. आजवर कोणी आलेलंच नाही.

ता. क. दुसरा. वायरी मी सरळ करून घेतल्या आहेत. ते दात दाखवायला दवाखान्यात गेले होते तेव्हा वायरमनला बोलावून, माझ्यासमोर चालू करून पाहिलं. भाऊसाहेबांनी दाखवले तसे कटरचे दात बघितले, आता ते ज्या बाजूला फिरायचे त्याच बाजूला फिरतात. ताडपत्री पुन्हा बांधताना त्यांच्यासारख्या गाठी मला जमल्या नाहीत, पण ते तिकडे बघतच नाहीत, त्यामुळे कळलेलं नाही. टेबलाला मी मधूनमधून तेल लावते. हेही सांगू नका.

ता. क. तिसरा. त्यांनी पट्टी करून पाठवली की कौतुक अजिबात करू नका. कौतुक केलंत तर त्यांना संशय येईल. एका बाजूला जरा जास्त झालीय, थोडी कमी करून पाहिजे, असं म्हणून परत पाठवा. ते दोन दिवस बडबडतील, तुमच्या डोळ्यांना नंबर आलाय म्हणतील, आणि तिला पुन्हा मशीनवर चढवतील. मला तेवढंच पाहिजे.

ता. क. शेवटचा. तुमची कडबाकुट्टी चांगली मजबूत आहे आणि तिला काहीही झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे, मी संक्रांतीला पाहिली आहे. तेव्हा ती पट्टी आधी मोडून घ्या. दाजी शेतात गेले की मोडा, आणि नीट मोडा, अर्धवट वाकवून ठेवलीत तर ते तिकडे येऊन हातोडीने सरळ करून देतील.